संग्रहातले जीव (भाग ७) : भुंगेरा आणि त्याची चिठ्ठी

सुकलेले कीटक टाचणीवर कसे जपतात, ते मागच्या भागात पाहिले. त्याच कीटकातून डीएनए काढून त्याची वंशावळ कशी मांडतात, ते आज पाहू.

जगात भुंगेऱ्यांच्या सुमारे ४ लाख जातींना नावे मिळाली आहेत. त्यांतल्या कित्येक एकदाच, एकाच ठिकाणी सापडल्या. त्यांच्याबद्दल काही कळायचे तर संग्रहालयातल्या नमुन्याकडेच जावे लागते.

जीव मेला की त्याचा डीएनए तुटू लागतो. उष्णता, ओल आणि कीटक मारायला वापरलेली काही रसायने ही झीज वाढवतात. शंभर वर्षांच्या भुंगेऱ्यात उरतात ते बारीक तुकडे, फाटलेल्या पोथीच्या कपट्यांसारखे. नवी यंत्रे असे लाखो तुकडे वाचतात आणि संगणक ते क्रमाने लावतो. प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएच्या शेकडो प्रती असतात, म्हणून तो सहसा आधी हाती लागतो.

त्यासाठी नमुना फोडावाही लागत नाही. २००७ मध्ये थॉमस गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी अख्खा भुंगेरा प्रथिने विरघळवणाऱ्या द्रावणात बुडवून ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली. डीएनए द्रावणात उतरतो, बाहेरचे कवच शाबूत राहते आणि भुंगेरा पुन्हा टाचणीवर जातो. मग एकच जनुक वेगवेगळ्या जातींत ताडून पाहतात. फरक जितके कमी, तितके नाते सहसा जवळचे. त्याला जीवाश्मांच्या वयाची जोड दिली की फांद्या केव्हा फुटल्या, याचाही अंदाज बांधता येतो.

मात्र नमुना नेमका कुठे आणि केव्हा सापडला, ते टाचणीवरची चिठ्ठीच सांगते. तिचे मोल आपल्या भागातल्या एका पक्ष्याने शिकवले. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातून निघून सरायपालीच्या रस्त्याला लागले की वाटेत बसना येते. त्याच फुलझर भागात १८७२ मध्ये संग्राहक ब्लेविट यांना रानपिंगळा मिळाला. पक्षितज्ज्ञ ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याला स्वतंत्र प्रजातीत ठेवले. १८८४ नंतर तो दिसेना. मग संग्राहक माइनर्ट्झहागेन यांचा एक नमुना १९१४ मधला, गुजरातचा म्हणून मानला गेला. तो प्रत्यक्षात डेव्हिडसन यांनी खानदेशात गोळा केलेला जुना नमुना होता. संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती नोंद बाजूला ठेवून जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांच्या आधारे शोध घेतला. नोव्हेंबर १९९७ मध्ये नंदुरबार भागात शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. २०१८ मध्ये भारतीय संशोधकांनी त्याचे जनुक ताडले आणि तो इतर पिंगळ्यांच्या अथेनी या प्रजातीतच बसतो असे दाखवले. शोधाची दिशा चिठ्ठ्यांनी दिली, नात्याचा निकाल डीएनएने.

भुंगेऱ्यांनाही हेच लागू आहे. तुमच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात टाचणीवरच्या कीटकांची जुनी पेटी असेल, तर ती कोरडी ठेवा. अक्षर पुसट झाले म्हणून मूळ चिठ्ठी फेकू नका. नवी चिठ्ठी तिच्या खाली लावा.