एक वखार, अनेक कुलुपे

मोठ्या वखारीत दहा पेढ्यांचा माल एकाच छपराखाली राहतो. भाडे वाटून पडते, राखणदार एकच पुरतो. परंतु प्रत्येकाची थप्पी निराळी, पोत्यांवरील खूण निराळी आणि मालकाच्या चिठ्ठीवाचून उचल होत नाही. एकाच सर्व्हरवर अनेक पेढ्यांचे हिशेब ठेवण्याची जी पद्धत सांप्रत रूढ आहे, तिचे मर्म हेच होय.

ही कल्पना नवी नव्हे. एकाच मोठ्या संगणकावर प्रत्येकास जणू स्वतंत्र यंत्र मिळावे, अशी व्यवस्था आय.बी.एम. कंपनीने १९७२ साली जाहीर केली होती. आपल्या देशात २९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्था समाईक सॉफ्टवेअरवर आणण्याची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली.

उचगावी आम्हीही काही पेढ्यांसह अशा व्यवस्थेत सामील झालो. एके सायंकाळी दिवाणजींनी उधारीची यादी उघडली, तो पडद्यावर शेजारच्या पेढीची येणी! लिहिण्यास संकोच वाटतो; परंतु यादी मिटण्यापूर्वी आम्ही चार ओळी वाचल्याच. दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांस सर्व निवेदन केले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "अण्णा, मग तुमचेही खाते कोणी वाचले असेल."

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. चौकशीअंती कळले की, प्रत्येक नोंदीवर पेढीची खूण होती. मात्र उधारीची यादी काढताना ती खूण पडताळण्याचे राहून गेले होते. थप्प्या निराळ्या होत्या, पण राखणदाराने चिठ्ठी पाहिली नाही!

म्हणून सभासद बंधूंनी प्रारंभीच चार गोष्टी ठरवून घ्याव्यात. दुसऱ्या पेढीच्या नावाने प्रवेश करून पाहावा व काहीच दिसत नाही याची खात्री करावी. मालक, दिवाणजी व हमालीचा हिशेब लिहिणारा यांचे अधिकार निरनिराळे असावेत. सर्व खाती उघडू शकणारी मुख्य किल्ली कोणाकडे आहे आणि ती केव्हा वापरली, याची नोंद राहावी. एका पेढीच्या कामाचा भार वाढल्यास इतरांचे काम अडू नये, आणि एकाचे दप्तर बिघडल्यास तेवढेच जुन्या प्रतीवरून पूर्ववत करता यावे.

समाईक छपराने खर्च वाचतो, हे खरे. परंतु पत समाईक नसते. ती ज्याची त्यानेच राखावयाची असते, आणि शेजाऱ्याचीही राखावयाची असते.