पायाचा हिशेब
नरखेड तालुक्यातील काळ्या जमिनीवर घर बांधताना आपण एक गोष्ट ध्यानी ठेवावी. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. उथळ पाया तिच्याबरोबर हलतो आणि भिंतींना तडे जातात. अशा जमिनीसाठी रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगीर असलेल्या खांबांचा पाया विकसित केला. आपल्याला तो हवा, की मुरमापर्यंत नेलेला साधा पाया पुरे, हे माती तपासून अभियंताच सांगू शकतो. त्याची फी आपल्याला जड वाटते. अंदाजाने घातलेले जादा लोखंड मात्र खुपत नाही! भविष्यनिर्वाह निधीची पुंजी आपण घरात घालतो. एका आळीतील चार कुटुंबांनी माती तपासणी मिळून करावी, म्हणजे भार वाटला जाईल. गवंड्याच्या घामाप्रमाणेच अभियंत्याचा हिशेब हेही श्रमच. त्याचेही दाम आपण मोजले पाहिजेत.