मंदीत पहिला पैसा कुणाच्या हातात?

डिसेंबर 2025 मध्ये मनरेगाच्या जागी ‘विकसित भारत–जी राम जी’ कायदा आला, तेव्हा संसदेतला बराचसा गदारोळ गांधीजींचं नाव गेल्यावरून झाला. मला त्याहून जास्त काळजी वाटते ती खर्चाच्या कलमांची. कामाचे दिवस 100 वरून 125 झाले, ते स्वागतार्हच. पण मजुरीचा सगळा भार केंद्र उचलत असे, तिथे आता बहुतेक राज्यांसाठी 60:40 अशी वाटणी झाली. शिवाय प्रत्येक राज्याचा वर्षाचा वाटा दिल्लीत ठरणार आणि त्यावरचा खर्च राज्याने सोसायचा. मंदीच्या वर्षी हीच तरतूद नडणार आहे.

मंदी आली की सरकारने पैसा ओतावा की हात आखडावा, हा वाद आपल्याकडे दर वेळी होतो. ओतायचा तर कुणाकडे, यावर फारसं बोललं जात नाही. सप्टेंबर 2019 मध्ये अर्थव्यवस्था मंदावली म्हणून कंपनीकर 30 वरून 22 टक्क्यांवर आणला. तिजोरीला अंदाजे 1 लाख 45 हजार कोटींचा फटका बसेल, असं सरकारनेच सांगितलं. त्या वर्षी मनरेगाची मूळ तरतूद होती 60 हजार कोटी. सवलत मिळालेल्या कंपनीला मागणीच दिसत नसेल तर ती नवं यंत्र कशाला घेईल? मजुराच्या हातात पडलेला रुपया मात्र त्याच आठवड्यात किराणा दुकानात पोचतो.

हे महाराष्ट्राला 1972 च्या दुष्काळात कळलं होतं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. मागेल त्याला काम, हा प्रयोग 1965 च्या सुमारास त्यांच्याच तालुक्यात सुरू झाला. दुष्काळ ऐन भरात असताना, मे 1973 मध्ये राज्यात जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणं, पाझर तलाव, नाला बंडिंग, रस्ते. हजेरीपटावर बायांची नावं मोठ्या संख्येने होती. एवढ्या भीषण अवर्षणात मोठी जीवितहानी टळली, म्हणूनच ज्याँ द्रेझ यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाने या कामांचा बारकाईने अभ्यास केला.

पागे यांच्या रोजगार हमी योजनेचं मोठेपण मला तिच्या पैशात दिसतं. 1975 च्या कायद्याने नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला. जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने घालायची आणि तो निधी रोजगार हमीला द्यायचा, अशी रचना झाली. महाराष्ट्रातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकात आजही दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातात, त्याचा उगम हा. शहराच्या पगारातून खेड्यातली मजुरी निघावी, असं राज्याने कायद्याने ठरवलं. 26 जानेवारी 1979 पासून कामाची हमी हाही कायदा झाला. काम मागणारे वाढले की खर्च वाढणार आणि सुगी आली की आपोआप उतरणार. कुणा मंत्र्याने पॅकेज जाहीर करण्याची वाट पाहायला नको.

2020 मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत देशाने हाच अनुभव घेतला. 8 मे रोजी मराठवाड्यातल्या करमाडजवळ, गावी परतताना रुळांवर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यातले, मूळचे मध्य प्रदेशातल्या उमरिया आणि शहडोल जिल्ह्यांतले. चारच दिवसांनी 20 लाख कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्याचा मोठा भाग होता कर्ज, कर्जाची हमी आणि बँकांना दिलेली रोकड सुलभता. मनरेगाला वाढीव 40 हजार कोटी मिळाले. त्या वर्षी 11 कोटींहून अधिक लोकांनी या योजनेवर काम केलं, सुमारे 389 कोटी मनुष्यदिवस भरले आणि 61,500 कोटींची तरतूद 1 लाख 10 हजार कोटींपलीकडे गेली. कायद्यात मागणीनुसार पैसा देण्याची सक्ती होती म्हणून हे शक्य झालं.

जबलपूर जिल्ह्यातल्या मझौलीसारख्या तहसिलीत, जिथे गहू, धान आणि हिवाळ्यातल्या मटारावर मजुरी अवलंबून, तिथे उद्या मंदीत शहरांतून माणसं परतली तर नव्या कायद्याखाली काय होईल? भोपाळला 40 टक्के घालावे लागतील, ठरलेला वाटा संपल्यावर तर सगळेच. आणि मंदीत राज्याचं उत्पन्नही त्याच वेळी घटलेलं असतं. हे विधेयक मांडणारे शिवराजसिंह चौहान त्याच राज्याचे दीर्घकाळ मुख्यमंत्री होते. तिजोरीची ओढाताण त्यांना ठाऊक असणार. पेरणी-कापणीत मजूर मिळत नाहीत, म्हणून वर्षात 60 दिवस कामं थांबवण्याची मुभाही कायद्यात आहे. शेतकऱ्याची ती अडचण खरी आहे, पण ती सुगीतली. मंदीसाठी वेगळं कलम हवं: दुष्काळ, साथ किंवा रोजगार घटल्याचं वर्ष जाहीर झालं की ठरलेल्या वाट्याची मर्यादा उठावी आणि वाढीव मजुरी पूर्णपणे केंद्राने द्यावी. अशी दुरुस्ती करायची तर ती चांगल्या वर्षातच करावी लागेल.