बावन्न पत्ते, पन्नास हजार तुकडे

दहा हातांच्या शंकराकडे दहा आयुधं आहेत. ती हातांत अदलाबदल करून धरली तर त्याची रूपं किती? भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त हा प्रश्न घातला. उत्तर ३६,२८,८००. हीच गुणाकाराची रीत पत्त्यांच्या कॅटला लावा. पहिल्या जागी ५२पैकी कोणताही पत्ता, दुसऱ्या जागी उरलेल्या ५१पैकी, असं शेवटपर्यंत. येतो तो आकडा ६८ अंकी! परार्ध म्हणजे एकावर १७ शून्यं. असे चार परार्ध एकमेकांशी गुणले, तर त्याच्या सुमारे चार-पंचमांश.

जगातली ८०० कोटी माणसं विश्व जन्मल्यापासून, म्हणजे १,३८० कोटी वर्षं, जेवणखाण सोडून दर सेकंदाला एकेक नवा क्रम लावत बसली असती, तरी आजवर लागलेल्या क्रमांचा आकडा फक्त २८ अंकी झाला असता. तेव्हा नीट पिसलेल्या कॅटचा क्रम याआधी कुणाच्याच हाती आलेला नाही असं बेलाशक समजा. मात्र नीट पिसलेला हवा. कॅटचे दोन भाग करून ते एकमेकांत फरफरत मिसळायचे झाले, तर सुमारे सात वेळा, असं डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस यांनी १९९२मध्ये मांडलं. डायकोनिस चौदाव्या वर्षी घर सोडून डाय व्हर्नन या जादूगाराबरोबर हिंडायला निघाले होते. गणितात ते शिरले ते या दारातून. रमीला बसल्यावर सात वेळा पिसण्याइतका धीर कुणाला असतो?

जादूगार मात्र या राक्षसी आकड्याच्या वाटेलाच जात नाही. २७ पत्ते घ्या, समोरच्याला त्यातला एक मनात धरायला सांगा. एकेक पत्ता उघडा टाकत नऊ-नऊचे तीन ढीग करा आणि ‘तुमचा पत्ता कोणत्या ढिगात?’ एवढंच विचारा. तो ढीग उरलेल्या दोन ढिगांच्या मधे ठेवून गोळा करा. हे तीनदा केलंत की पत्ता बरोबर चौदावा येतो. सत्तावीसचे नऊ, नऊचे तीन, तीनचा एक. तोंडाने मंत्र पुटपुटायचा तो फक्त समोरच्याने मोजू नये म्हणून.

चॅटजीपीटीसारख्या भाषा-मॉडेलचं कामही असंच, एका वेळी एक पाऊल. २०२०च्या जीपीटी-३कडे शब्दांचे आणि अक्षरांचे ५०,२५७ तुकडे होते. आधीचा मजकूर पाहून प्रत्येक तुकड्याची शक्यता काढायची, एक निवडायचा, पुन्हा तेच. असे नुसते १५ तुकडे ओळीने ठेवायचे पर्याय कॅटच्या सगळ्या क्रमांहून जास्त भरतात, आणि देवनागरीचं एकेक अक्षर तिथे बहुधा दोन-तीन तुकड्यांत फुटायचं. म्हणजे मराठीतलं छोटं वाक्यही परार्धांच्या परार्धात गेलं. ते सगळे पर्याय कुणी तपासत बसत नाही; आधीचा मजकूरच बहुतेकांची वाट बंद करतो.

म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरीला द्यायचा अर्ज मॉडेलकडून लिहून घेताना नुसतं ‘पाण्याबद्दल लिही’ म्हणू नये. कोणती विंग, किती दिवस, टँकरचे पैसे कुणी भरले, हे सांगितलं की एकेक ढीग बाजूला पडतो. अर्जाला शंभर चांगली रूपं असतात, त्यातलं एखादं मिळालं की भागतं. पण टँकरच्या बिलाची रक्कम एकच असते. ती सांगितली नाहीत, तर मॉडेल शोभेलशी रक्कम बिनदिक्कत टाकू शकतं. जादूगाराच्या २७ पत्त्यांत तुमचा पत्ता नक्की असतो. इथे तशी हमी नाही.

गंमत म्हणून मॉडेललाच एक पत्ता मनात धरायला सांगा. ‘धरला’ म्हणेल. पडद्यामागे लिहून ठेवायची सोय नसेल, तर त्या घडीला पत्ता कुठेच नसतो. लाल का? हो. चित्राचा? हो. बदामची राणी? हो म्हणेल, नाहीतर चौकटचा राजा म्हणेल. पत्ता ठरतो तो तुम्ही विचाराल तेव्हा.