अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले. रिपोर्ट कुठे आहे?

अपेंडिक्सचे ऑपरेशन ही आता आपल्या वाडीवस्तीला नवी गोष्ट राहिलेली नाही. चार घरे सोडली की कुणाच्या तरी पोटावर उजव्या बाजूला ती खूण असतेच. ऑपरेशन झाले, डॉक्टरांनी काढलेला तुकडा बाटलीत घालून नातेवाइकांना दाखवला, टाके काढले, थोड्या दिवसांनी माणूस कामावर रुजू झाला. विषय संपला, असे आपण मानतो. शंभरातल्या नव्याण्णव घरांत तो खरोखरच संपतो. आज आम्ही लिहीत आहोत ते उरलेल्या एका घराविषयी.

काढलेल्या शंभर अपेंडिक्सपैकी साधारण एकात गाठ सापडते. ती डोळ्यांना दिसेलच असे नाही. बऱ्याच वेळा तो तुकडा प्रयोगशाळेत जाऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो, तेव्हाच ती कळते. तपासणी झाली नाही किंवा तपासणीचा कागद घ्यायला कुणी गेलेच नाही, तर त्या घराला ते कधी कळतही नाही. म्हणून सारा लेख वाचण्याआधी एवढे एक वाक्य लक्षात ठेवा: अपेंडिक्स काढले की त्याचा रिपोर्ट मागून घ्यायचा आणि जपून ठेवायचा.

दुर्मिळ म्हणून दुर्लक्ष नको

"शंभरात एक, मग आम्ही कशाला डोक्याला ताप करून घ्यायचा?" असे कोणी म्हणेल. दोडामार्गच्या वाचकांना याचे उत्तर सांगायला नको. २०१६ साली या तालुक्यात माकडताप आला. तोवर त्याचे नावही बहुतेकांना माहीत नव्हते. काजूच्या बागेत, जंगलात मजुरीला जाणारी माणसेच त्यात अधिक सापडली. दुर्मिळ आजार श्रीमंत-गरीब पाहून येत नाही, पण माहिती उशिरा पोहोचते ती गरिबाच्या घरी. त्या उशिराची किंमत माणूस देतो.

अपेंडिक्स म्हणजे काय?

लहान आतडे जिथे मोठ्या आतड्याला मिळते, तिथे पोटाच्या उजव्या बाजूला खाली एक शेपटीसारखी नळी लोंबत असते. लांबीला बोटाएवढी आणि जाडीला करंगळीहून बारीक. तिलाच आंत्रपुच्छ किंवा अपेंडिक्स म्हणतात. तिचे तोंड बंद झाले की ती सुजते. आधी बेंबीभोवती आणि मग उजवीकडे खाली कळा येतात, उलटी होते, ताप येतो. हा झाला नेहमीचा अपेंडिसायटिस.

गाठ असली तरी लक्षणे अशीच असतात, कारण गाठीनेही नळीचे तोंड बंद होते. त्यामुळे पोट दुखण्यावरून ‘ही साधी सूज आणि ही गाठ’ असे घरी बसून ओळखता येत नाही. ते काम सोनोग्राफी, सीटी स्कॅन आणि प्रयोगशाळेतील तपासणी यांचे आहे.

गाठींचे तीन मुख्य प्रकार

पहिला प्रकार न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर. जुने डॉक्टर त्याला कार्सिनॉइड म्हणत. तो बहुधा अपेंडिक्सच्या टोकाला असतो, सावकाश वाढतो आणि तरुण मुलामुलींतही सापडतो. गाठ एक सेंटिमीटरपेक्षा लहान असेल आणि पूर्ण निघाली असेल, तर अपेंडिक्स काढणे हाच पुरा उपचार ठरतो. दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, तर मोठ्या आतड्याचा उजवा भाग जवळच्या लसिका ग्रंथींसह काढावा लागतो. मधल्या मापाच्या गाठींसाठीही पूर्वी हे मोठे ऑपरेशन पुष्कळदा होई. युरोपातील १५ देशांमधील ४० रुग्णालयांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक ते दोन सेंटिमीटरच्या गाठींना नुसते अपेंडिक्स काढणे पुरेसे ठरते, असे दिसले. म्हणजे रिपोर्टमधले माप हे नुसते आकडे नसतात. पुढचे ऑपरेशन करायचे की नाही, हे त्यावर ठरते.

दुसरा प्रकार म्युसिन, म्हणजे बुळबुळीत द्राव तयार करणाऱ्या गाठींचा. भेंडी चिरल्यावर सुटतो तसा चिकट द्राव अपेंडिक्समध्ये साठतो आणि ती नळी फुग्यासारखी फुगते. ती न फोडता अखंड काढली, तर पुष्कळदा काम भागते. ती फुटली, तर द्रावाबरोबर गाठीच्या पेशीही पोटभर पसरतात आणि तिथे नव्याने द्राव करू लागतात. महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे पोट फुगत जाते. या अवस्थेला सूडोमिक्झोमा पेरिटोनाय म्हणतात. दहा लाख लोकांत वर्षाला मोजके दोन-चार जण याचे निघतात. २०११ च्या जनगणनेत आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आसपास होती. त्यावरून तालुक्याच्या डॉक्टरांनाही असा रुग्ण क्वचितच भेटत असेल, हे ध्यानात येईल.

तिसरा प्रकार अॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे सरळ कॅन्सरच. तो मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसारखा वागतो. आतड्याचा उजवा भाग काढावा लागतो आणि गरजेप्रमाणे केमोथेरपी द्यावी लागते. या ऑपरेशनची एक भीती आमच्या कानावर नेहमी येते, ती म्हणजे पोटावर कायमची पिशवी लागेल. उजवा भाग काढल्यावर उरलेली दोन टोके बहुधा तिथल्या तिथे जोडतात, त्यामुळे बहुतेकांना पिशवी लागत नाही.

सावध कधी व्हावे?

चाळिशी ओलांडलेल्या माणसाला पहिल्यांदाच अपेंडिक्सचा त्रास झाला, तर डॉक्टरांना स्कॅनविषयी जरूर विचारावे. काही वेळा अपेंडिक्सभोवती पू साठतो. तेव्हा लगेच ऑपरेशन न करता औषधाने पू आटोक्यात आणतात आणि "पुन्हा दाखवायला या" म्हणून सांगतात. बरे वाटले की आपली माणसे पुन्हा जात नाहीत. एक दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडे पडते. फिनलंडमध्ये अशाच ६० रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या १२ जणांत, म्हणजे पाचांपैकी एकात, गाठ निघाली आणि ते सगळे चाळिशीच्या पुढचे होते. चाळिशीनंतर पू साठून बरे झालेल्या माणसाने दुसरी खेप चुकवू नये ती याचसाठी.

बायकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पोट फुगते, आणि सोनोग्राफीत अंडाशयाला गाठ दिसते; पण मूळ रोग अपेंडिक्समध्ये असू शकतो. पुरुषांत नव्याने झालेला हर्निया ही कधी कधी पहिली खूण असते. पोट वाढते आहे आणि हातपाय मात्र वाळत आहेत, असे दिसले तर ‘वायगोळा आहे’ म्हणून सोडा-ओवा देत बसू नये. पोट चोळून घेणे, एरंडेल देणे, जुलाब देणे हे तर मुळीच नको. सुजलेले अपेंडिक्स त्याने फुटू शकते.

देवस्की नको, जीवक आठवा

कोकणात आजारपण आले की गाऱ्हाणे घालायचे, कौल लावायचा, कुणाची करणी आहे ते विचारायचे, ही रीत जुनी. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही पोटात गोळा आला की एखादी म्हातारी हळूच "एकदा विचारून बघा" म्हणते. तिला रागावून उपयोग नाही. तिला जीवकाची गोष्ट सांगावी.

राजगृहाचा जीवक हा भगवान बुद्धांचा आणि भिक्खू संघाचा वैद्य. विनयपिटकात त्याची एक हकिकत आहे. वाराणसीच्या एका श्रेष्ठीच्या मुलाच्या आतड्याला कोलांट्या उड्या मारताना पीळ पडला. खाल्लेले पचेना, अंग पिवळे पडले. जीवकाने गर्दी बाहेर घालवली, पडदा लावला, मुलाला खांबाला बांधले, त्याच्या पत्नीला समोर उभे केले आणि पोट उघडून आतड्याचा पीळ तिला दाखवला. मग पीळ सोडवून, आतडे आत घालून, पोट शिवून लेप लावला. मुलगा बरा झाला. या कथेत मंत्र नाही, बळी नाही. रोग कुठे आहे ते शोधले, घरच्या माणसाला डोळ्यांनी दाखवले आणि उपचार केला. रिपोर्ट मागणे म्हणजे तरी काय? आत काय होते ते आम्हालाही दाखवा, एवढेच आपण मागतो.

पोटभर पसरले तर?

तरीही उपाय आहे. वॉशिंग्टनचे सर्जन पॉल शुगरबेकर यांनी या रोगासाठी एक पद्धत रूढ केली. पोटाच्या अस्तरावर जिथे जिथे गाठी आहेत तिथून त्या खरवडून, कापून काढायच्या. मग ४१ ते ४३ अंश सेल्सिअस तापवलेले केमोथेरपीचे औषध तास-दीड तास पोटात खेळवायचे. या दुसऱ्या भागाला हायपेक म्हणतात. ऑपरेशन आठ-दहा तास किंवा त्याहून जास्त चालते, त्यानंतर अतिदक्षता विभागात राहावे लागते, रक्त लागते. ते प्रत्येकाला झेपत नाही आणि प्रत्येक रुग्णालयात होत नाही. पण फळ मोठे आहे. जगातील १६ केंद्रांत असे उपचार घेतलेल्या २,२९८ रुग्णांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दहा वर्षांनी शंभरांपैकी ६३ जण हयात असल्याचा हिशेब निघाला. म्हणून "पोटभर पसरलंय, आता घरी न्या" असे कोणी सांगितले, तरी कॅन्सरच्या मोठ्या रुग्णालयाचे मत घेतल्याशिवाय हात टेकू नयेत.

जायचे कुठे, खर्चाचे काय?

दोडामार्ग १९९९ मध्ये सावंतवाडीतून वेगळा तालुका झाला. पण मोठ्या आजारपणात इथली माणसे जिल्ह्याच्या ठिकाणी ओरोसला जाण्याआधी हद्दीपलीकडे म्हापसा आणि बांबोळी गाठतात. बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज हा जुना आधार आहे. २०१८ साली तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले. त्या दिवसांनी एक धडा शिकवला: कागद तयार ठेवा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत असू द्या. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. कोणते ऑपरेशन कोणत्या रुग्णालयात योजनेत बसते, हे दाखल होण्याआधीच तिथल्या आरोग्यमित्राला विचारावे. गोव्यातल्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या मुलांनी आपले ईएसआयचे कार्ड चालू आहे ना, हे आजच पाहावे. त्यात आईवडील, बायको-मुले यांची नावे घातली आहेत ना, तेही पाहावे.

मुंबईला जायचे ठरले, तर परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून कॅन्सर रुग्णांची सेवा करीत आहे. सावंतवाडीहून तुतारी एक्स्प्रेस दादरला उतरवते. कॅन्सर रुग्णाला रेल्वेभाड्यात सवलत असते, त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. उतरायला दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटामध्ये उपचार घेणारे कितीतरी रुग्ण तिथे नातेवाइकांसह राहतात. याच गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली होती, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे.

जाताना जुना रिपोर्ट तर न्यायचाच, पण पहिल्या रुग्णालयातून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉकही मागून न्यावा. काढलेल्या तुकड्याचा भाग मेणात जतन करतात, तोच हा ब्लॉक. मोठ्या रुग्णालयातले तज्ज्ञ तो पुन्हा स्वतः तपासतात. यात कोणाचा अपमान नाही. रुग्णाचा तो हक्क आहे.

वाडीने काय करावे?

प्रत्येक वाडीचे मुंबईत मंडळ असते. जयंतीची वर्गणी जमते, विहाराचे काम होते. त्याच वहीत एक पान रक्तगटांचे असू द्या. कोणाची खोली रुग्णालयाजवळ आहे, कोणाला रुग्णालयाची माहिती आहे, तेही लिहून ठेवा. आजारी भिक्खूची सेवा स्वतः आपल्या हाताने करणाऱ्या तथागतांचे आपण अनुयायी आहोत.

आणि माता-भगिनींना एक सांगणे. आपल्या घरात जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला कसा प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत तळाशी ठेवलेला असतो! हे दाखले जपून ठेवूनच आपली मुले पुढे आली. ऑपरेशननंतरचा तो एक पानी रिपोर्टही त्याच पिशवीत ठेवा. डिस्चार्जच्या दिवशी बिल भरताना विचारा, "तुकडा तपासणीला पाठवला का? रिपोर्ट कधी मिळेल?" तो मिळाला की डॉक्टरांना दाखवून "यात गाठ लिहिली आहे का? माप किती? कडा मोकळ्या आहेत का?" हे तीन प्रश्न विचारा. गाठ नाही असे उत्तर आले, तर निश्चिंत मनाने कामाला लागा. गाठ आहे असे आले, तरी वेळेवर कळले, आणि अशा बहुतेक गाठींत वेळेवर कळणे हेच निम्मे बरे होणे असते.