जाहिरात थोडक्या पैशांत, पण हिशेबाने

दिवाळी सरली की गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत मंडईचा मोसम सुरू होतो. दवनीवाडा असो की तिरोडा, त्या पट्ट्यात दंडार, खडी गंमत, नाटक आणि दुय्यम कव्वालीचे कार्यक्रम रात्र-रात्र चालतात. पाठोपाठ लग्नसराई येते आणि बँडवाल्यांनाही मागणी येते. कलावंताची वर्षाची कमाई याच काही महिन्यांत व्हायची असते. मोसम हातचा गेला तर पावसाळ्यात घर चालवणे कठीण. तरीही आपल्यातले अनेक हुनरमंद लोक जाहिरातीचे काम नशिबावर सोडून देतात. ज्याच्या पाठीशी कोणतीही कंपनी नाही, अशा स्वतंत्र कलावंताने मोबाइलवरून स्वस्तात आपले नाव कसे पोहोचवावे, याचा विचार येथे करू.

1980 च्या दशकात स्वस्त कॅसेट आल्या, तेव्हा मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या दाराबाहेर राहिलेल्या अनेक गायकांना बाजार मिळाला. पण कॅसेट काढायची तर कंपनीवाल्याची मर्जी सांभाळावी लागे. 2016 मध्ये जिओ बाजारात आल्यावर इंटरनेट स्वस्त झाले आणि खेड्यातला माणूसही मोबाइलवर गाणी पाहू लागला. छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) कडूबाई खरात एकतारीवर भीमगीते गाऊन पोट भरत असत. त्यांच्या गाण्याच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर फिरल्या आणि त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले. त्यासाठी त्यांना कोणा कंपनीचे दार ठोठवावे लागले नाही. मात्र असे भाग्य प्रत्येकाचे उघडत नाही. ज्याचे गाणे आपोआप पसरत नाही, त्याने थोडे पैसे घालून ते योग्य गिऱ्हाइकासमोर ठेवावे. जाहिरातीचा अर्थ एवढाच आहे.

गिऱ्हाईक कुठे आहे?

फेसबुक आणि इन्स्टाग्राम ही दोन्ही माध्यमे मेटा या एकाच कंपनीची आहेत. एकाच खात्यातून दोन्हीकडे जाहिरात देता येते. वर्तमानपत्रासारखा ठरावीक दर येथे नसतो, जागेचा जणू लिलाव चालतो. पण दिवसाला किती खर्च करायचा ही मर्यादा आपणच घालतो. रोज शंभर रुपयांतही काम सुरू होते आणि वाटेल तेव्हा थांबवता येते.

खरी चूक होते ती ठिकाण निवडताना. पुष्कळ जण ठिकाण म्हणून ‘महाराष्ट्र’ निवडून मोकळे होतात. मग पैसा मुंबई-पुण्यात खर्च होतो. तिथून दवनीवाड्याच्या पार्टीला कोण बोलावणार? उलट गोंदियापासून सुमारे 40 किलोमीटरवरचे बालाघाट मध्य प्रदेशात असल्यामुळे सुटून जाते. त्यापेक्षा नकाशावर गोंदिया धरून भोवती साठ-सत्तर किलोमीटरचे वर्तुळ काढावे. वर्तुळ राज्याची हद्द पाहत नाही. बालाघाटकडे हिंदीतली जाहिरात द्यावी, इकडे मराठीतली.

वेळही साधली पाहिजे. मंडईच्या सुपाऱ्या दिवाळीपूर्वीच ठरू लागतात, म्हणून जाहिरात महिनाभर आधी निघावी. कव्वालांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नागपूरच्या ताजबागेतील बाबा ताजुद्दीन यांच्या उर्सासारखे उर्स हिजरी तारखेने भरतात, म्हणून ते दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतात. गेल्या वर्षीची तारीख धरून बसणारा मागे पडतो.

माल कसा मांडावा?

कापडाच्या दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला आपण सगळे ठाण उलगडून दाखवत नाही, चांगला नमुना पुढे करतो. इथेही तसेच आहे. भर मैफलीतला, स्वच्छ आवाजाचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा पुरे. सुरुवातीलाच रंगलेला भाग यावा. पार्टीचे नाव, गाव आणि फोन नंबर ठळक असावा. ‘व्हॉट्सअॅपवर संदेश पाठवा’ असे बटण जाहिरातीला लावता येते, ते जरूर लावावे. सिनेमाच्या मूळ गाण्याची ध्वनिफीत वापरू नये. हक्क दुसऱ्याचे असल्यामुळे आवाज बंद केला जातो किंवा चित्रफीत काढली जाते. आपला गळा आणि आपली साथ हाच आपला माल.

नफा कसा मोजावा?

समजा, दहा दिवस रोज शंभर रुपये घातले. एक हजार झाले, त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 1,180 रुपये. त्यातून बारा जणांनी विचारणा केली आणि दोन सुपाऱ्या पक्क्या झाल्या, तर एका सुपारीमागे 590 रुपये खर्च आला. सुपारीत हा खर्च निघून वर पुरेसे उरत असेल तर पुढे चालावे, नाहीतर चित्रफीत, वर्तुळ किंवा वेळ बदलून पाहावी. फोन करणाऱ्या प्रत्येकाला ‘आमचे नाव कुठे कळले?’ असे विचारून वहीत टिपून ठेवावे. ही वही नसेल तर सारा हिशेब अंदाजाचा.

‘लाइक’ किती आले यावर खूश होऊ नये. लाइकने हार्मोनियमची दुरुस्ती होत नाही. हजारो अनुयायी मिळवून देतो म्हणणाऱ्या दलालांपासून तर दूरच राहावे. ते अनुयायी खोटे असतात आणि त्यांच्यापैकी एकही मंडईला येत नाही.

शेवटी एक सावधगिरी. 29 जून 2020 रोजी भारत सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. ज्या कलावंतांचे सारे चाहते तिथेच होते, त्यांचे दुकान एका रात्रीत बंद झाले. म्हणून सगळा माल एकाच गोदामात ठेवू नये. यूट्यूबवरही गाणी ठेवावीत आणि ज्यांनी एकदा बोलावले, त्यांचे नंबर आपल्याजवळ लिहून ठेवावेत. जुने गिऱ्हाईक हीच सर्वांत स्वस्त जाहिरात असते.

बोलणाऱ्याची बोरे विकतात, असे म्हणतात. ज्याच्याजवळ सोन्यासारखा हुनर आहे, त्याने तरी गप्प का बसावे? या मोसमात हजार रुपये बाजूला काढा, वही घ्या आणि सुरुवात करा.