माळकरी कुटुंबाचा आहार : पुरेसा किती, परवडणारा किती?

सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर असल्यामुळे गळ्यात तुळशीची माळ घातलेली कुटुंबे येथे गावोगाव आढळतात. माळ घातली की मांस, मासे, अंडी व मद्य वर्ज्य होतात आणि पंधरा दिवसांनी येणारी एकादशी पाळावी लागते. लिंगायत व जैन कुटुंबांत मांसाहार परंपरेनेच नसतो. हा नियम श्रद्धेचा आहे व तो मोडावा असे सुचविण्याचे विस्तार कार्यकर्त्याला कारण नाही. परंतु शेतात दिवसभर राबणारा माळकरी, त्याची गर्भवती पत्नी आणि वाढत्या वयाची मुले यांना या नियमात राहून पुरेसे पोषण मिळते काय, व ते मजुरीच्या पैशांत बसते काय, हा प्रश्न मात्र कृषिविस्ताराच्या कक्षेत येतो. कारण त्याचे निम्मे उत्तर शेतात काय पेरले जाते यावर अवलंबून आहे.

या विषयावर गावात दोन टोकाची मते ऐकू येतात. एक असे की, अंडी-मांस नाही म्हणून अंगात ताकद नाही. दुसरे असे की, मालदांडीची भाकरी खाणाऱ्यास आणखी काही लागत नाही. दोन्ही मते हिशेबाला उतरत नाहीत.

ज्वारीचे बळ व तिची उणीव

मंगळवेढ्याच्या काळ्या रानातील रब्बी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ ही जात भाकरीच्या गोडीसाठी आजही शेतकऱ्यांच्या पसंतीस उतरते. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने, ४ मिलिग्रॅम लोह आणि ३४० च्या आसपास उष्मांक असतात. श्रमाचे काम करणारा पुरुष दिवसाकाठी अर्धा किलो ज्वारी खातो असे धरल्यास त्यास सुमारे १,७०० उष्मांक व ५० ग्रॅम प्रथिने मिळतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे ६५ किलो वजनाच्या पुरुषास ५४ ग्रॅम, तर ५५ किलो वजनाच्या स्त्रीस सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने पुरतात. तेव्हा नुसत्या भाकरीनेच काम भागले असे वरवर पाहता वाटेल.

येथेच फसगत होते. प्रथिन हा एकच पदार्थ नव्हे. ते निरनिराळ्या घटकांचे बनलेले असते आणि त्यांतील काही घटक शरीरास स्वतः तयार करता येत नाहीत. अशा घटकांपैकी लायसीन हा ज्वारीत फार कमी आहे. अर्धा किलो ज्वारीतून जेमतेम एक ग्रॅम लायसीन मिळते. ६५ किलोच्या माणसाची गरज मात्र जवळजवळ दोन ग्रॅमची आहे. शिवाय ज्वारीचे पीठ शिजविल्यावर तिच्या प्रथिनांची पचनीयता काहीशी घटते. लायसीन अपुरे पडले म्हणजे बाकीच्या प्रथिनांचाही शरीरबांधणीसाठी पूर्ण उपयोग होत नाही. चाकाचे आरे दहा असले तरी दोन आखूड असतील तर गाडी नीट चालत नाही, तशातला हा प्रकार आहे.

ज्वारीवर एकांगी अवलंबून राहण्याचा दुसरा धोका पेलाग्रा या रोगाचा. उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवर काळे चट्टे, जुलाब व पुढे बुद्धिभ्रंश ही त्याची लक्षणे होत. इटलीत व अमेरिकेच्या दक्षिण भागात हा रोग मक्यावर जगणाऱ्या गरिबांना होत असे. दख्खनच्या पठारावर तो ज्वारी खाणाऱ्यांत आढळला. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये असे मत मांडले की, ज्वारीतील ल्यूसीन या घटकाचे आधिक्य शरीरातील नायसीनच्या उपयोगात अडथळा आणते. या कारणमीमांसेवर पुढे शास्त्रज्ञांत मतभेद झाले. तथापि, नायसीन पुरेसे मिळाल्यास रोग बरा होतो याबद्दल दुमत नाही.

शेंगाचटणी काय करते व काय करीत नाही

सोलापुरात भाकरीबरोबर शेंगाचटणी ही ठरलेलीच. भुईमुगाच्या दाण्यांत शेकडा २५ भाग प्रथिने व सुमारे ४० भाग तेल असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नायसीनच्या बाबतीत शेंगदाण्याची बरोबरी करणारे वनस्पतिजन्य अन्न क्वचितच सापडेल. ज्वारीच्या प्रदेशात रोजच्या जेवणात शेंगदाणा असणे हे पेलाग्र्याविरुद्ध मोठे संरक्षण आहे. ज्या गृहिणींनी ही जोडी रूढ केली त्यांना नायसीनचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

पण लायसीनची उणीव ही चटणी भरून काढीत नाही, कारण शेंगदाण्यातही लायसीन बेताचेच आहे. भाकरी व चटणी या दोहोंनी पोट भरते, उष्मांक मिळतात, तोंडाला चव येते, आणि तरीही प्रथिनांचा दर्जा लंगडाच राहतो. ती कसर डाळींनी व कडधान्यांनी भरून निघते. तूर, हरभरा, मटकी, हुलगा यांत लायसीन विपुल असते. अर्धा किलो ज्वारी व मूठभर दाणे यांच्या जोडीला पाऊणशे ग्रॅम डाळ घातली की लायसीनची दिवसाची गरज भागून वर थोडी शिल्लक राहते. म्हणूनच आहारतज्ज्ञ तृणधान्याच्या तीन भागांस डाळीचा एक भाग असावा असे सांगतात. ज्वारी अधिक खाणाऱ्या मजुराला हे तंतोतंत जमले नाही तरी रोजची पाऊणशे ग्रॅम डाळ चुकू नये. पाण्यासारख्या आमटीत माणशी दहा-पंधरा ग्रॅम डाळ असते. तिने ही गरज भागत नाही. हुलग्याचे माडगे, शेंगोळे, घट्ट पिठले किंवा मटकीची उसळ यांनी भागते.

हिशेब पैशाचा

“डाळ परवडत नाही” ही तक्रार खरी की खोटी हे दर किलोच्या भावावरून ठरवू नये. एक ग्रॅम प्रथिन किती पैशांस पडते ते पाहावे. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्र शासनाने जाहीर केलेल्या आधारभूत किमती अशा होत्या : मालदांडी ज्वारी ३,४२१ रुपये, तूर ७,५५० रुपये व भुईमूग शेंग ६,७८३ रुपये क्विंटल, त्याच वर्षी पेरलेल्या हरभऱ्यास ५,६५० रुपये. या दराने ज्वारीतील एक ग्रॅम प्रथिन सुमारे ३४ पैशांस पडते. भुईमुगाचे, टरफल वजा जाता, ३९ पैशांस आणि तुरीचे, डाळ करताना येणारी घट धरून, ४९ पैशांस पडते. अखंड हरभऱ्याचे मात्र ३१ पैशांसच! म्हणजे ज्या हरभऱ्यात लायसीन भरपूर आहे, त्याचे प्रथिन ज्वारीहून काकणभर स्वस्तच आहे. किरकोळ बाजारातील दर याहून चढे असतात हे खरे. पण अखंड कडधान्य डाळीपेक्षा बहुधा स्वस्त पडते आणि घरचे पीक असेल तर प्रश्नच उरत नाही. पाच माणसांच्या घरात रोज पाव किलो हरभरा शिजविण्यास वरील दराने सुमारे चौदा रुपये लागतात.

प्राधान्य गटातील शिधापत्रिकेवर दरमहा माणशी ५ किलो धान्य मिळते व जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. हे दिवसाला १६७ ग्रॅम झाले. राबणाऱ्या माणसाच्या धान्याच्या गरजेचा हा तिसरा हिस्सा होय. त्यामुळे वाचलेला पैसा कशावर खर्च होतो यास महत्त्व आहे. तो चहा-साखर, बिस्किटे व फरसाण यांत गेला तर पानातील उणीव तशीच राहते.

दूध : जे विकले जाते

माळकरी आहाराची खरी कसोटी ब-१२ या जीवनसत्त्वावर लागते. प्रथिने, लोह, नायसीन यांना वनस्पतींत पर्याय आहेत. ब-१२ ला नाही. ते सूक्ष्मजंतू तयार करतात व प्राणिजन्य अन्नातूनच माणसास मिळते. मोड आलेल्या मटकीत किंवा शेणखताच्या भाजीत ते असते, असा समज काही ठिकाणी आहे. त्यावर विसंबू नये. प्रौढास दिवसाला दोन ते अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे नखाच्या टोकावरही दिसणार नाही इतके, ब-१२ लागते. मांस व अंडी वर्ज्य असणाऱ्यास त्याचा एकच घरगुती मार्ग उरतो. तो दूध, दही व ताक यांचा. पाव लिटर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम मिळते. दूध फार वेळ आटवीत ठेवल्यास त्यातील काही भाग नष्ट होतो. तेव्हा एक-दोन उकळ्या येताच ते उतरवावे.

प्रथिनांच्या हिशेबाने दूध महाग ठरते. शासनाने २०२४ मध्ये गाईच्या दुधास जाहीर केलेला ३० रुपये लिटर हा दर धरला तरी त्यातील एक ग्रॅम प्रथिन ९० पैशांवर जाते. पण दुधाकडे प्रथिनांसाठी पाहू नये. ब-१२ व चुना यांसाठी पाहावे. या जिल्ह्यात असे दृश्य सर्रास दिसते की गोठ्यात दोन गाई आहेत, पहाटे सगळे दूध संकलन केंद्रावर जाते आणि घरातील मुले कोऱ्या चहावर शाळेत जातात. दुधाच्या पैशावर संसार चालतो, म्हणून विक्री थांबवा असे सांगणे शहाणपणाचे नाही. लिटरभर दूध घरी ठेवावे एवढे सांगणे शक्य आहे. त्यात गर्भवती, स्तनदा माता व लहान मुले यांचा हक्क पहिला. प्रत्यक्षात घरातील कर्त्या पुरुषाचा चहा प्रथम होतो, हे कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावे.

हातापायांस मुंग्या येणे, जीभ लाल व गुळगुळीत होणे, सततचा थकवा व विसराळूपणा ही ब-१२ च्या अभावाची लक्षणे आहेत. अशा व्यक्तीस प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. रक्त कमी आहे म्हणून केवळ फॉलिक आम्लाच्या गोळ्या दिल्या तर रक्त सुधारते, पण मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. म्हणून तपासणी अगत्याची आहे. ब-१२ च्या गोळ्या वा इंजेक्शन घेतल्याने माळेचा नियम मोडतो काय, अशी शंका काही जण काढतात. औषधासाठी वापरले जाणारे हे जीवनसत्त्व कारखान्यात सूक्ष्मजंतूंपासून तयार करतात. त्यात मांस नसते.

लोहाबाबत थोडे सांगणे पुरे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांस रक्तक्षय असल्याचे आढळले. त्या सर्व काही शाकाहारी नाहीत. ज्वारीत लोह आहे, परंतु ते धान्यातील फायटिक आम्लाने बांधलेले असते. जेवणात लिंबाची फोड वा पेरू असला, कडधान्यास मोड आणले किंवा पीठ आंबवून आंबील केली, तर अधिक लोह अंगी लागते. जेवणाला लागूनच घेतलेला चहा याच्या नेमका उलट परिणाम करतो.

एकादशी आणि साबुदाणा

वर्षातील चोवीस एकादशा, त्यांत श्रावणी सोमवार, नवरात्र व गुरुवार यांची भर घातली तर काही स्त्रियांचे वर्षाकाठी साठ-सत्तर दिवस उपवासात जातात. हे दिवस साबुदाण्यावर काढले जातात. साबुदाणा हा टॅपिओकाच्या कंदाचा निव्वळ पिष्टमय पदार्थ होय. शंभर ग्रॅममध्ये प्रथिन पाव ग्रॅमही नाही. खिचडीत जे काही प्रथिन असते ते सर्व शेंगदाण्याच्या कुटाचे. भगर त्याहून पुष्कळ बरी. राजगिऱ्यात तर शेकडा १३-१४ भाग प्रथिने, त्यांत लायसीन चांगले आणि शिवाय चुनाही असतो. भगर, दाण्याची आमटी व वाटीभर दही, किंवा राजगिऱ्याची भाकरी व ताक, हा उपवास नियमातही बसतो व अंगासही मानवतो. गर्भवती, आजारी व वृद्ध यांस उपवासातून सवलत देण्याची रूढी घरोघर आहेच. सासूबाईंनी ती आठवणीने द्यावी, इतकेच.

रानातून पानात

सोलापुरात पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. १९३३ पासून येथे कोरडवाहू शेतीवर संशोधन चालू आहे. त्यातून पुढे आलेली बाजरीच्या दोन ओळींनंतर तुरीची एक ओळ ही पद्धत पाऊस हुलकावणी देतो अशा वर्षी शेतकऱ्यास सावरते आणि घरात डाळही आणते. रब्बी ज्वारीत हरभरा व करडई यांचे पाटे घालण्याची चाल येथे जुनीच होती. ऊस व डाळिंब यांनी पैसा आणला यात शंका नाही. परंतु ज्या रानातून पूर्वी वर्षाची डाळ येत असे, त्या रानाचा मालक आता ती दुकानातून किलोकिलोने आणतो, आणि भाव चढले की प्रथम तीच कमी करतो. पाच माणसांच्या घरास रोज पाव किलोप्रमाणे वर्षाला सुमारे एक क्विंटल कडधान्य लागते. तेवढ्यापुरते रान राखून ठेवणे बागायतदारासही जड नाही.

ज्यास जमीन नाही त्याने दारात शेवगा लावावा. सांडपाण्यावर तो वाढतो आणि त्याच्या पाल्यात चुना भरपूर असतो. हिवाळ्यात करडईचा कोवळा पाला व हरभऱ्याचे शेंडे मिळतात. हरभरा फुलावर येण्यापूर्वी शेंडे खुडल्याने त्यास फांद्या अधिक फुटतात. म्हणून शेतमालक मजूर स्त्रियांस खुडणीस सहसा अडवीत नाही. हा पाला सावलीत वाळवून मडक्यात भरून ठेवला तर चैत्र-वैशाखात, बाजारात भाजी महाग असताना, डाळीत घालून शिजविता येतो.